विश्लेषण : बर्फाळ हिवाळ्यात सायकलिंगचा सराव घरात करावा की रस्त्यावर?

पुण्यात पारा दहा अंशांवर आला की पहाटेच्या सायकल ग्रुपवर ‘आज जमत नाही’चे मेसेज सुरू होतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जानेवारीची सरासरी उणे नऊ अंशांच्या आसपास असते आणि तरीही सकाळी बर्फावरून कामावर निघालेले सायकलस्वार दिसतात. त्याच शहरात, त्याच वेळी, तळघरात ट्रेनरवर सायकल बसवून, समोर पंखा आणि स्क्रीन लावून घामाने निथळणारेही बरेच असतात. नोकरीनिमित्त मिनेसोटा किंवा टोरोंटोत जाऊन पडलेल्या मराठी सायकलवेड्यांपुढेही पहिल्याच नोव्हेंबरात हा प्रश्न येतो : पुढचे चार-पाच महिने घरात पेडल मारायचे की बाहेर पडायचे? थर्मामीटरवरचा आकडा पाहून याचे उत्तर मिळत नाही. वारा किती आहे, बर्फ कोणत्या प्रकारचा आहे आणि रस्ता कोण साफ करते, हे त्याहून महत्त्वाचे ठरते.

चार महिने सायकल बंद ठेवली तर काय बिघडते?

सराव थांबला की शरीर फार दिवस वाट पाहत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग घटतो, हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ओळखीच्याच चढावर नाडी पूर्वीपेक्षा वर जाते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या संदर्भात सांगितला जातो. त्यांनी सात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून त्यांची ठरावीक दिवसांनी तपासणी केली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी, तर आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घसरली आणि मग तिथे स्थिरावली.

याच सुमारास रॉबर्ट हिक्सन यांनी उलट बाजू तपासली : सराव थांबवला नाही, नुसता कमी केला तर? सहा दिवसांचा सराव दोन दिवसांवर आणला, किंवा ४० मिनिटांचा १३ मिनिटांवर आणला, तरी त्यातला जोर तोच ठेवल्यास कमाल क्षमता १५ आठवडे बऱ्यापैकी टिकली. जोर कमी केल्यावर मात्र ती टिकली नाही. बर्फाळ प्रदेशातल्या सायकलस्वारासाठी हा मोठाच दिलासा आहे. कारण थोडा वेळ पण जोरकस पेडल मारणे, नेमके हेच काम घरातल्या ट्रेनरवर उत्तम होते.

ट्रेनरवर नेमके काय होते?

सर्वात जुना आणि साधा प्रकार म्हणजे रोलर. तीन दंडगोलांवर सायकल ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. दुसऱ्या प्रकारात मागचे चाक एका छोट्या रोलरला टेकवतात. तिसऱ्यात मागचे चाक काढून सायकल थेट यंत्रावर चढवतात. हे यंत्र मोबाइल किंवा संगणकाशी जोडले जाते, स्क्रीनवर चढ आला की पेडल जड होते. ‘२०० वॅटवर दहा मिनिटे’ असे ठरवून दिले की यंत्र तेवढा विरोध कायम ठेवते. पाय मंदावले तर सुटका नाही, पेडल अधिकच घट्ट होत जाते.

रस्त्यावर सिग्नल असतो, उतार असतो, पुढच्याच्या आडोशाला राहून विश्रांती घेता येते. दोन तासांच्या राइडमध्ये पाय कितीतरी मिनिटे नुसते थांबलेले असतात. ट्रेनरवर तसे होत नाही. म्हणूनच ट्रेनरवरचा तास रस्त्यावरच्या तासापेक्षा भरीव असतो, असे प्रशिक्षक सांगतात आणि ते खरे आहे. शिवाय उद्या वादळ येवो की परवा, मंगळवारचा ठरलेला सराव मंगळवारीच होतो.

याची सर्वात गाजलेली साक्ष ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमन यांची. फेब्रुवारी २०१६ मध्ये बेल्जियममधल्या शर्यतीत पडून त्यांचा हात मोडला. पुढचे काही आठवडे त्यांनी गॅरेजमध्ये ट्रेनरवर, ‘झ्विफ्ट’ या आभासी सायकलिंगच्या अ‍ॅपवर सराव केला. १० एप्रिल २०१६ रोजी पॅरिस-रुबे या २५० हून अधिक किलोमीटरच्या, दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या शर्यतीत त्यांनी चार वेळचे विजेते टॉम बूनन यांना अखेरच्या क्षणी मागे टाकले. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते.

त्यानंतर हे प्रकरण गॅरेजपुरते राहिले नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने (यूसीआय) डिसेंबर २०२० मध्ये ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक स्पर्धा झ्विफ्टवर घेतली. ती जिंकणारे जर्मनीचे जेसन ऑस्बोर्न मूळचे नौकानयनपटू, टोक्यो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी त्या खेळात रौप्यपदकही मिळवले. पुढे त्यांना रस्त्यावरच्या व्यावसायिक संघात जागा मिळाली. ऑस्ट्रेलियाचे जे व्हाइन तर झ्विफ्टच्याच निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात गेले आणि २०२२ मध्ये स्पेनच्या ‘व्हुएल्टा’ शर्यतीत त्यांनी दोन टप्पे जिंकले. घरात कमावलेली ताकद रस्त्यावर खोटी ठरते, हा जुना आक्षेप आता कोणी फारसा घेत नाही.

घरात एवढा घाम का येतो?

पेडलपर्यंत पोहोचते ती शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम २० ते २५ टक्के. बाकी सगळी उष्णता. म्हणजे पेडलवर २०० वॅट देणारा माणूस त्याच वेळी ६०० ते ८०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, एखाद्या छोट्या रूम हीटरइतकी. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वारा ही उष्णता वाहून नेतो. बंद खोलीत ती अंगाभोवतीच घुटमळते. मग त्वचेकडे जास्त रक्त जाते, त्याच जोराला नाडी चढत जाते आणि अनेकांना रस्त्यावर जमणारे वॅट घरात जमत नाहीत. लोक याला मनाचा कमकुवतपणा समजतात. बऱ्याचदा दोष पंख्याचा असतो.

त्यामुळे बाहेर उणे १५ असताना तळघरात मोठा पंखा लावून, खिडकी किलकिली करून, बनियनवर सायकल चालवणाऱ्याला वेडा म्हणू नये. पाणीही बाहेरच्या राइडपेक्षा जास्त लागते. आणि हँडलबारवर टॉवेल हवाच. खारट घाम टेपखाली, बोल्टमध्ये, हेडसेटच्या बेअरिंगमध्ये मुरतो आणि वसंतात सायकल उघडली की आतला गंज दिसतो.

मग रस्त्याची गरजच काय?

हेमन यांची गोष्ट सांगताना एक तपशील सहसा गळतो. ती त्यांची पंधरावी पॅरिस-रुबे होती. दगडांवर हात किती सैल ठेवायचे, घोळक्यात कोणाच्या चाकामागे जायचे, कोणत्या वळणाला ब्रेक लावायचाच नाही, हे सगळे त्यांनी आधीच्या चौदा वेळांत कमावलेले होते. ट्रेनरने ताकद राखली. शर्यत वाचण्याची नजर त्यांच्याकडे आधीपासून होती.

ट्रेनरवर सायकल एका जागी जखडलेली असते. तोल सांभाळावा लागत नाही, वळताना शरीर झुकवावे लागत नाही, खड्डा चुकवावा लागत नाही. तासभर तीच बैठक राहिल्याने सीटवरच्या जखमांचा त्रासही अधिक होतो. चार महिने नुसते ट्रेनरवर काढलेला माणूस मार्चमध्ये ताकदवान असतो, पण घोळक्यात त्याच्या शेजारून चालवायला सोबत्यांना भीती वाटते.

शिवाय प्रकाशाचा मुद्दा आहे. फिनलंडच्या औलू शहरात डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. अशा ठिकाणी काम ऑफिसात, सराव तळघरात आणि झोप खोलीत, असे आठवडे सलग गेले तर माणूस कोमेजतो. दुपारी अर्धा तास बर्फावरून सायकल नेण्याने वॅट वाढत नसतील, पण त्याचा हिशेब वॅटमध्ये करायचाही नसतो.

थंडी किती झाली की बाहेर पडू नये?

आंतरराष्ट्रीय स्की महासंघ क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या शर्यती मार्गावरच्या सर्वात थंड जागी पारा उणे २० च्या खाली गेला तर घेत नाही. बर्फातच वाढलेल्या खेळाडूंसाठी जिथे रेघ ओढली आहे, ती हौशी सायकलस्वाराने आपली शेवटची रेघ मानायला हरकत नाही. जोरकस इंटरव्हल त्याच्या बरेच अलीकडे थांबवावेत. जोरात धाप लागली की थंड, कोरडी हवा मोठ्या प्रमाणावर थेट श्वासनलिकांत जाते. त्या कोरड्या पडून आकसतात आणि खोकला, घरघर, छातीत आवळल्यासारखे वाटणे सुरू होते. दमा नसलेल्यांनाही हे होऊ शकते आणि हिवाळी खेळांतल्या अव्वल खेळाडूंमध्ये ते बरेच आढळते. तोंडावर पातळ मफलर किंवा मास्क घेतला तर बाहेर पडणाऱ्या श्वासाची ऊब आणि ओल आत येणाऱ्या हवेला मिळते.

दुसरा शत्रू वारा. तापमान उणे १० आणि वारा ताशी २५ किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १९ सारखे जाणवते. उणे २० ला तोच वारा असेल तर उणे ३२. जाणवणारे तापमान उणे २८ च्या खाली गेले की उघड्या त्वचेला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, असा इशारा कॅनडाचे हवामान खाते देते. सायकलस्वाराची अडचण अशी, की पान हलत नसतानाही तो स्वतःच्या वेगाने स्वतःसाठी वारा तयार करत असतो. म्हणून रोडबाइकवर उतार उतरताना बोटे बधिर होतात, आणि तेवढ्याच थंडीत झाडीतून ताशी १२ च्या वेगाने फॅटबाइक चालवणारा मजेत असतो.

जाणकार एक साधा नियम पाळतात : जाताना वाऱ्याला तोंड द्यायचे, येताना वारा पाठीवर घ्यायचा. उलटे केले तर घामाने भिजलेले अंग घेऊन, दमलेल्या अवस्थेत, समोरच्या वाऱ्यात घर गाठावे लागते. त्याच कारणाने कपडेही ‘निघताना थोडे कुडकुडायला हवे’ या बेताने घालतात. पहिल्या मिनिटापासून ऊब वाटली तर पंधराव्या मिनिटाला घाम फुटलाच. आणि सुती बनियन अंगाला लावून कधीही निघू नये. ओला कापूस वाळत नाही, गारवा धरून ठेवतो.

खरा धोका कोणत्या बर्फाचा?

घट्ट दाबला गेलेला, उणे दहातला कोरडा बर्फ चाकाखाली करकर वाजतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. नवशिक्याला याचेच भय वाटते. प्रत्यक्षात घात करतो तो शून्याच्या आसपासचा दिवस. दुपारी पारा एक-दोन अंशांवर जातो, बर्फ वितळून पाणी रस्त्यावर पसरते, संध्याकाळी ते गोठते. डांबराचा रंग आरपार दिसणारा हा पातळ थर ‘ब्लॅक आइस’ म्हणून ओळखला जातो. ओला रस्ता आहे असे वाटते आणि पुढचे चाक निघून गेल्याचे कळते तोवर माणूस कुशीवर आपटलेला असतो. मनगट, गळपट्टीचे हाड आणि खुबा यांना यात सर्वाधिक मार बसतो. ‘आज जरा उबदार आहे, बाहेर जाऊ’ हा विचार त्यामुळे बर्फाळ प्रदेशात घातक ठरू शकतो. उणे आठ त्यापेक्षा सुरक्षित.

यावर इलाज खिळ्यांच्या टायरचा. रबरात बसवलेल्या धातूच्या खिळ्यांची टोके टंग्स्टन कार्बाइडची असतात आणि ती बर्फात रुततात. एकच टायर घेण्याइतके पैसे असतील तर तो पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर सहसा नाही. मात्र हे खिळे कडक बर्फासाठी आहेत, भुसभुशीत खोल बर्फात ते काही करत नाहीत.

तिथे फॅटबाइक लागते. १९८७ पासून अलास्कात बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती होऊ लागल्या आणि रुतणाऱ्या चाकांवर तोडगा म्हणून तिथल्या कारागिरांनी रिम जोडून, रुंद करून पाहिले. मिनेसोटाच्या ‘सर्ली’ कंपनीने २००५ मध्ये ‘पग्जली’ हे मॉडेल बाजारात आणल्यावर ही सायकल सामान्यांच्या हाती आली. चार-पाच इंच रुंद टायर आणि त्यात जेमतेम पाच-आठ पीएसआय हवा, त्यामुळे वजन पसरते आणि सायकल बर्फावर तरंगल्यासारखी चालते. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला जानेवारीच्या अखेरीस होणाऱ्या ‘अ‍ॅरोहेड १३५’ शर्यतीत लोक अशाच सायकलींवर १३५ मैल म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर जातात. हे हौशी सरावाचे उदाहरण अर्थातच नाही.

औलूचे लोक हिवाळ्यात सायकल का ठेवून देत नाहीत?

ते आपल्यापेक्षा शूर आहेत म्हणून नव्हे. औलूमध्ये ६०० किलोमीटरहून अधिक पादचारी-सायकल मार्ग आहेत आणि त्यांतले बहुतेक हिवाळाभर वापरण्याजोगे ठेवले जातात. बर्फ पडला की नांगर लावलेल्या गाड्या सकाळच्या गर्दीआधी मुख्य मार्गांवरून फिरतात. बर्फ डांबरापर्यंत खरवडण्याऐवजी त्याचा घट्ट, खरखरीत थर ठेवला जातो आणि पारा सलग शून्याखाली असल्याने तो थर टिकतो. शाळेची पोरे त्यावरून साध्या सायकलींवर जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली. मिनियापोलिसमध्ये ती २०१६ मध्ये झाली. तिथेही जुन्या रेल्वेमार्गाच्या चरातून गेलेला ‘मिडटाउन ग्रीनवे’ हा सुमारे नऊ किलोमीटरचा सायकलमार्ग बर्फ हटवून चालू ठेवला जातो.

जिथे महापालिका बर्फ ढकलून सायकलच्या पट्ट्यावर ढीग लावते, तिथे सायकलस्वाराला गाड्यांच्या मार्गात यावे लागते, तेही अंधारात आणि घसरड्यावर. अशा गावात राहणाऱ्याने ट्रेनर घेतला तर त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

सायकलवर थंडीचा काय परिणाम होतो?

घरात २० अंशांना ६० पीएसआय हवा भरून सायकल उणे २० मध्ये नेली, तर गेजवर सुमारे ५० दिसेल. हवा कुठे गळालेली नसते, आकसलेली असते. बर्फावर थोडी कमी हवा चांगलीच, पण हे माहीत नसलेला माणूस पंक्चर शोधत बसतो. मागच्या चाकातल्या फ्रीहबमधले ग्रीस घट्ट झाले तर पेडल रिकामे फिरते. दिव्याची आणि ई-बाइकची बॅटरी लवकर उतरते. गोठलेल्या अवस्थेत लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते, आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. रस्त्यावर टाकलेले मीठ चेन आणि बोल्ट खाते. आणखी एक गंमत : राइडनंतर सायकल उबदार घरात घेतली की बर्फ वितळून पाणी केबलच्या नळ्यांत शिरते, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेली की तिथेच गोठून गिअर अडकतात. एक तर पुसून पूर्ण वाळवावी, नाही तर थंड शेडमध्येच राहू द्यावी.

वेगाचा आकडा तर हिवाळ्यात पाहूच नये. २५ अंशांच्या तुलनेत उणे १५ अंशांची हवा सुमारे १५ टक्के दाट असते. त्यात फुगलेले कपडे आणि खिळ्यांचे जड टायर. त्याच ताकदीत सायकल हळूच जाणार. वॅट, नाडी किंवा नुसता वेळ मोजणे बरे.

मग आठवडा कसा आखावा?

जोरकस सराव, म्हणजे इंटरव्हल, आठवड्यातून दोनदा ट्रेनरवर, प्रत्येकी ४५ मिनिटे ते एक तास. फुप्फुसांना थंड हवेचा जाच नाही, घसरण्याची भीती नाही आणि हिक्सन यांच्या प्रयोगाप्रमाणे क्षमता टिकवायला एवढे बहुतेक पुरते. शनिवार-रविवारी पारा शून्याच्या बराच खाली पण उणे १२ च्या वर असेल, वारा पडलेला असेल आणि मार्ग साफ असेल, तर बाहेर एक-दोन तास आरामात चालवावे. वळणे, तोल, हलक्या हाताने ब्रेक हे सगळे त्यात येते. तीन-चार तास ट्रेनरवर बसणारेही असतात. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी, पण स्पर्धेची तयारी नसेल तर तेवढा वेळ स्कीइंगला किंवा बर्फातून चालण्याला दिला तर दमसासाचे काही नुकसान होत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैत हेच गणित वेगळ्या रूपात मांडले जाते. तिथे बर्फाची जागा शेवाळलेला रस्ता, धुके आणि पाण्याखालचे खड्डे घेतात, आणि पुण्या-मुंबईतले अनेक ट्रेनर त्याच दोन-तीन महिन्यांत सर्वाधिक फिरतात. फरक इतकाच, की दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पंखा दुप्पट मोठा लागतो.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळला की हिवाळाभर घसरण टाळण्यासाठी टाकलेली वाळू आणि खडी रस्त्याच्या कडेला आणि वळणांवर पडून राहते. ट्रेनरवर चार महिने ताकद कमावलेले पाय पहिल्याच उन्हाच्या दिवशी जोरात निघतात आणि पहिल्याच वळणावर या खडीवरून चाक सटकते. महापालिकेची झाडणारी गाडी येऊन जाईपर्यंत वळणे सरळ उभे राहून, हळू घ्यावीत. खिळ्यांचा पुढचा टायरही पहाटेचे दव गोठायचे थांबेपर्यंत काढू नये.